डोमेनमध्ये संगणक जोडताना परवानगी नाकारली गेल्यास काय तपासावे: नव्याने रुजू झालेल्यांसाठी मार्गदर्शन

नाशिक परिसरातील अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कंपनीच्या आयटी विभागात नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींकडे पहिल्याच आठवड्यात एक काम हमखास सोपवले जाते. ते म्हणजे नवा किंवा नुकताच फॉरमॅट केलेला संगणक कंपनीच्या डोमेनमध्ये, म्हणजे खाती आणि परवानग्या एकाच ठिकाणाहून सांभाळल्या जाणाऱ्या संगणकांच्या जाळ्यात, जोडणे. काम पाच मिनिटांचे वाटते. सिस्टिमच्या सेटिंगमध्ये जायचे, डोमेनचे नाव टाकायचे, युजरनेम आणि पासवर्ड द्यायचा आणि स्वागताचा संदेश दिसला की संगणक रीस्टार्ट करायचा. प्रत्यक्षात मात्र स्वागताऐवजी ‘ॲक्सेस इज डिनाइड’ असा संदेश येतो, किंवा तुमची खाती उघडण्याची मर्यादा संपली आहे असे सांगितले जाते, आणि खुर्चीशेजारी उभे असलेले अकाउंट्सचे साहेब घड्याळाकडे पाहू लागतात.

अशा वेळी बहुतेक जण मुख्य कार्यालयातील वरिष्ठांना फोन करून डोमेन ॲडमिनचा पासवर्ड मागतात. तो पासवर्ड टाकला की संगणक बऱ्याचदा जोडला जातो, पण म्हणून ही सवय चांगली ठरत नाही. ज्या संगणकाची अजून तपासणी झालेली नाही, ज्यावर अँटिव्हायरस नाही आणि जो काल कोणाच्या हातात होता हेही ठाऊक नाही, त्यावर संपूर्ण कंपनीची किल्ली टाइप करणे अतिशय धोक्याचे आहे. कळफलकावरचे अक्षर न् अक्षर टिपणारा एखादा प्रोग्रॅम त्यात दडलेला असेल, तर त्या एका मिनिटात सगळा डोमेन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतो. म्हणून मोठी परवानगी मागण्याआधी नेमकी कोणती परवानगी कमी पडते आहे ते शोधावे. ते कसे शोधायचे, ते येथे क्रमाने सांगत आहे. हे विवेचन विंडोज सर्व्हरवरील ॲक्टिव्ह डिरेक्टरीविषयी, म्हणजे डोमेनमधील युजर आणि संगणक यांची खाती साठवणाऱ्या व्यवस्थेविषयी आहे.

जोडणी होताना काय घडते

संगणक जोडण्याची आज्ञा दिल्यावर तो प्रथम डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला, विचारून डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन सांभाळणारा सर्व्हर, कुठे आहे ते शोधतो. मग तुम्ही दिलेल्या युजरनेमची ओळख पटवली जाते. त्यानंतर डिरेक्टरीत त्या संगणकाच्या नावाने एक खाते उघडले जाते, किंवा आधीचे खाते असेल तर तेच वापरले जाते. त्या खात्याला पासवर्ड लावला जातो आणि संगणकाचे पूर्ण नाव त्यावर नोंदवले जाते. शेवटी संगणक स्वतःच्या अंतर्गत नोंदी बदलतो आणि रीस्टार्ट मागतो.

यावरून लक्षात येईल की येथे तीन निरनिराळ्या परवानग्या लागतात. समोरच्या संगणकावर तुम्ही स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटर असले पाहिजे, डिरेक्टरीत नवे खाते उघडण्याचा तुम्हाला अधिकार असला पाहिजे, आणि त्या नावाचे खाते आधीपासून असेल तर ते ताब्यात घेण्याचाही अधिकार असला पाहिजे. पडद्यावर उमटणारा संदेश यांपैकी कशाविषयी आहे ते नेहमीच स्पष्टपणे सांगत नाही, आणि नवख्यांचा सगळा गोंधळ तेथूनच सुरू होतो.

पहिली पायरी: प्रश्न खरोखर परवानगीचाच आहे का?

डोमेन सापडतच नसेल, म्हणजे त्रुटी क्रमांक १३५५ येत असेल, तर तो परवानगीचा प्रश्न नाही. आयपीकॉन्फिग ही आज्ञा सर्व तपशिलासह चालवून संगणकाला कोणता डीएनएस सर्व्हर मिळाला आहे ते पाहावे. इंटरनेट पुरवठादाराच्या राउटरनेच आयपी वाटायला सुरुवात केलेली असते आणि डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा राउटरचा स्वतःचा पत्ता दिलेला असतो, हा प्रकार लहान कंपन्यांमध्ये वारंवार आढळतो. बाहेरच्या डीएनएसला तुमच्या कंपनीच्या अंतर्गत डोमेनची माहिती असणे शक्य नाही. तेथे डोमेन कंट्रोलरचाच पत्ता हवा, आणि ‘पर्यायी’ म्हणूनसुद्धा बाहेरचा पत्ता ठेवू नये.

त्रुटी क्रमांक १३२६ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकला आहे. युजरनेम डोमेनच्या नावासह लिहून पाहावे आणि कॅप्स लॉक पाहावा. यावर अधिक वेळ घालवण्याची गरज नाही. १२१९ हा क्रमांक आला तर त्याच सर्व्हरवरील एखादे शेअर्ड फोल्डर दुसऱ्या युजरनेमने आधीच उघडलेले आहे. ते कनेक्शन तोडावे आणि पुन्हा प्रयत्न करावा.

घड्याळाकडे मात्र बारकाईने पाहावे लागते. केर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीत संगणक आणि डोमेन कंट्रोलर यांच्या वेळेत मुळात ५ मिनिटांपेक्षा अधिक फरक चालत नाही. स्टोअरमध्ये वर्षभर पडून असलेल्या संगणकाच्या मदरबोर्डवरील बॅटरी संपलेली असते, आणि तो चालू केला की कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. याहून फसवी चूक टाइम झोनची असते. विंडोज नव्याने टाकताना टाइम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहून जातो, आणि कोणीतरी घड्याळ चुकीचे दिसते म्हणून काटे तेवढे हाताने फिरवून ठेवतो. पडद्यावर वेळ अगदी बरोबर दिसते, परंतु संगणक आतून जागतिक वेळेचाच हिशेब करीत असल्यामुळे हिवाळ्यात साडेतेरा आणि उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक पडलेला असतो. म्हणून वेळ पाहताना टाइम झोन भारतीय प्रमाणवेळेचा, म्हणजे जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, आहे याची खात्री करावी.

आणखी एक गोष्ट खरेदीच्या वेळीच पाहायला हवी. एम.जी. रोडवरील दुकानातून घाईघाईने आणलेल्या लॅपटॉपमध्ये विंडोजची होम आवृत्ती असेल, तर तो डोमेनमध्ये जोडता येत नाही, मग तुमच्याकडे कितीही अधिकार असोत. त्यासाठी प्रो, एंटरप्राइझ किंवा एज्युकेशन आवृत्तीच लागते.

दुसरी पायरी: नोंद वाचा

पडद्यावरील संदेशापेक्षा संगणकाने स्वतः लिहून ठेवलेली नोंद अधिक विश्वासार्ह असते. सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरमध्ये डीबग नावाचे फोल्डर असते आणि त्यात नेटसेटअप नावाची लॉग फाइल असते. जोडणीचा प्रत्येक प्रयत्न तीत पायरीपायरीने उतरवलेला असतो. ती नोटपॅडमध्ये उघडावी, थेट तळाशी जावे आणि शेवटच्या प्रयत्नाची वेळ जुळते आहे हे पाहून तेथून वर वाचत यावे. कोणत्या डोमेन कंट्रोलरशी बोलणे झाले, कोणते खाते शोधले आणि कोणत्या पायरीवर नकार मिळाला, हे सारे तेथे सापडते.

या फाइलमध्ये त्रुटी क्रमांक षोडशमान (हेक्स) पद्धतीने लिहिलेले असतात. कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रॅमर पद्धतीत ते दशमान करून घ्यावेत. परवानगीच्या बाबतीत चार क्रमांक ओळखीचे असले म्हणजे बरेचसे काम भागते: ५ म्हणजे सरळ नकार, ८५५७ म्हणजे खाती उघडण्याची मर्यादा संपली, २२२४ म्हणजे त्या नावाचे खाते आधीच आहे, आणि २७३२ म्हणजे आधीचे खाते पुन्हा वापरण्यास सुरक्षा धोरणाने मज्जाव केला आहे. इतर कोणताही क्रमांक आला तर कमांड प्रॉम्प्टवर नेट हेल्पएमएसजी (net helpmsg) ही आज्ञा त्या क्रमांकासह चालवावी. त्याचा अर्थ लगेच कळतो.

तिसरी पायरी: समोरच्या संगणकावरील अधिकार

ही पायरी लहान आहे. डोमेनमधील तुमचे खाते कितीही मोठे असले, तरी समोरच्या संगणकावर तुम्ही साध्या युजरने लॉगिन केले असेल आणि तेथील स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड तुमच्याकडे नसेल, तर जोडणी होणार नाही. पॉवरशेल, म्हणजे विंडोजला आज्ञा टाइप करून देण्याचे साधन, वापरणार असाल, तर ते ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ याच पर्यायाने उघडावे, कारण स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटरलासुद्धा साध्या पद्धतीने उघडलेल्या खिडकीत पूर्ण अधिकार मिळत नाहीत.

चौथी पायरी: खाते उघडण्याचा अधिकार आणि दहाची मर्यादा

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत मुळात अशी सोय असते की डोमेनमधील कोणताही सामान्य युजर जास्तीत जास्त १० संगणक जोडू शकतो. बऱ्याच नवख्यांना हे माहीत नसते, आणि म्हणूनच पहिले दहा संगणक सुरळीत जोडले जाऊन अकरावा अडतो तेव्हा ते चक्रावून जातात. माझ्या सुरुवातीच्या काळात एका कारखान्यात मीही अकराव्या संगणकापाशी अडलो होतो. केबल बदलली, स्विचचे पोर्ट बदलले, विंडोज पुन्हा टाकले, आणि अख्खी दुपार त्यात घालवल्यावर नोंदीत ८५५७ हा क्रमांक वाचला. तो आधी वाचला असता तर दहा मिनिटांत कारण कळले असते.

ही मर्यादा ज्या गुणधर्माने ठरते त्याची किंमत वाढवून ५० किंवा १०० करणे, हा सुचणारा पहिला उपाय असतो. तो करू नये. कोणत्याही कर्मचाऱ्याला संगणक खाते उघडता येणे हीच मुळात कमकुवत बाजू आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ज्या दोन गंभीर त्रुटी दुरुस्त केल्या, त्यांचा गैरफायदा घेण्याच्या मार्गात याच सोयीचा वापर होत होता. त्यामुळे जाणती मंडळी ही मर्यादा शून्यावर आणतात. तुमच्या कंपनीत तसे केलेले असेल, तर एकही संगणक जोडलेला नसताना ‘मर्यादा संपली’ हा संदेश दिसेल, आणि तो योग्यच आहे. ‘ॲड वर्कस्टेशन्स टू डोमेन’ हा हक्क सामान्य युजरकडून काढून घेतलेला असेल, तर बहुधा क्रमांक ५ दिसतो.

यावरचा नीट उपाय म्हणजे अधिकार सोपवणे. हे काम डोमेन ॲडमिनने एकदाच करायचे असते. ॲक्टिव्ह डिरेक्टरी युजर्स अँड कॉम्प्युटर्स या साधनात नाशिकच्या संगणकांसाठी एक स्वतंत्र ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे डिरेक्टरीतील खात्यांचा एक वेगळा कप्पा, तयार करावे आणि संगणक जोडणाऱ्यांचा एक ग्रुप करावा. मग त्या युनिटवर राइट क्लिक करून ‘डेलिगेट कंट्रोल’ निवडावे, तो ग्रुप द्यावा आणि तयार यादीऐवजी ‘कस्टम टास्क’ घ्यावा, कारण डोमेनमध्ये संगणक जोडण्याचा तयार पर्याय संपूर्ण डोमेनच्या पातळीवर दिसतो, एका युनिटवर दिसत नाही. पुढे फक्त कॉम्प्युटर ऑब्जेक्ट्स निवडून ती तयार करण्याची मुभा द्यावी, आणि शेवटच्या यादीत पासवर्ड रीसेट करणे, अकाउंट रिस्ट्रिक्शन्स वाचणे व लिहिणे, डीएनएस होस्ट नेमची व्हॅलिडेटेड राइट आणि सर्व्हिस प्रिन्सिपल नेमची व्हॅलिडेटेड राइट या खुणा कराव्यात. शेवटच्या दोन खुणा विसरल्या, तर खाते तयार होऊनही पुढचे काम अर्धवट राहते आणि शोध भलत्याच दिशेने सुरू होतो. असा सोपवलेला अधिकार असणाऱ्यांना दहाची मर्यादा लागू होत नाही.

मात्र येथे एक खड्डा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी पडतो. सिस्टिमच्या सेटिंगमधून नेहमीच्या पद्धतीने संगणक जोडला, तर त्याचे खाते तुमच्या युनिटमध्ये नव्हे, तर डोमेनच्या ‘कॉम्प्युटर्स’ या मूळ डब्यात तयार होऊ पाहते. तुम्हाला अधिकार मिळाला आहे तो नाशिकच्या युनिटपुरता. त्यामुळे तेथे पुन्हा नकारच मिळतो, आणि अधिकार दिल्याचे मुख्य कार्यालय शपथेवर सांगत असते. दोघेही खरे बोलत असतात. यातून तीन मार्ग निघतात. पॉवरशेलच्या ॲड-कॉम्प्युटर या आज्ञेत युनिटचा पूर्ण मार्ग देऊन जोडणी करावी. किंवा त्या युनिटमध्ये संगणकाचे खाते आधीच तयार करून ठेवावे. किंवा डोमेन ॲडमिनने रीडिरसीएमपी या आज्ञेने नव्या खात्यांची मूळ जागाच बदलून ठेवावी. शाखा अनेक असतील तर मला पहिला मार्ग सर्वांत सोयीचा वाटतो, कारण त्यात प्रत्येक शाखेचा माणूस आपल्याच युनिटचे नाव देतो आणि कोणाचे काही बिघडत नाही.

पाचवी पायरी: जुन्या नावाचे खाते

आजकाल सर्वाधिक तक्रारी याच कारणाने येतात. संगणक फॉरमॅट केला, तेच नाव ठेवले आणि जोडायला गेलो की क्रमांक २७३२ येतो. पूर्वी हे विनासायास होत असे, म्हणून जुने लोक ‘आमच्या वेळी तर व्हायचे’ असे म्हणतात, आणि ते खरेच आहे. ११ ऑक्टोबर २०२२ च्या सुरक्षा अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने नियम कडक केला. आधीपासून असलेले संगणक खाते पुन्हा वापरायचे असेल, तर ते उघडणारी व्यक्ती तुम्हीच असली पाहिजे, किंवा ते डोमेन ॲडमिनसारख्या वरच्या गटातील कोणीतरी उघडलेले असले पाहिजे. केवळ पासवर्ड रीसेट करण्याचा अधिकार आता पुरत नाही. आधीचा माणूस नोकरी सोडून गेला आणि त्याने जोडलेले सगळे संगणक आता तुमच्या वाट्याला आले असतील, तर प्रत्येक फॉरमॅटनंतर हा अडथळा येणार हे गृहीत धरावे.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यात, एक नोंद घालून ही तपासणी बंद करण्याची युक्ती काही काळ प्रचलित होती आणि आजही लोक ती एकमेकांना सांगतात. ऑगस्ट २०२४ च्या अपडेटपासून त्या नोंदीचा आधार काढून टाकलेला आहे. तिच्यामागे वेळ घालवू नये.

सर्वांत सरळ उपाय म्हणजे संगणकाला नवे नाव देणे. नावाशी काही बांधलेले नसेल, तर विषय तेथेच संपतो. नाव देताना ते इंग्रजी १५ अक्षरांच्या आत ठेवावे, कारण जुन्या पद्धतीच्या नावात त्यापुढची अक्षरे कापली जातात. शहर, वसाहत, विभाग असे सगळे नावात कोंबून शेवटी क्रमांक लावला, तर क्रमांकच कापला जातो आणि दोन वेगवेगळे संगणक एकाच नावावर हक्क सांगू लागतात.

तेच नाव हवे असेल, तर जुने खाते काढून टाकून नव्याने जोडता येते. परंतु काढण्याआधी थांबावे. डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या बिटलॉकरच्या रिकव्हरी की बऱ्याच कंपन्यांत त्या संगणक खात्याखालीच साठवलेल्या असतात, आणि खाते काढले की त्याही त्याच्यासोबत जातात. त्या संगणकाची जुनी डिस्क अजून कोठे ठेवलेली असेल, तर तिच्यातील माहिती कायमची बंद होऊ शकते. स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड जपणाऱ्या लॅप्स या व्यवस्थेची नोंदही त्याच खात्यावर असते, आणि ग्रुपमधील सदस्यत्वही नव्या खात्याला आपोआप मिळत नाही. म्हणून आधी हे सर्व उतरवून घ्यावे आणि मगच खाते काढावे.

खाते काढूनही तीच त्रुटी येत असेल, तर शाखांमधील अंतर आठवावे. मुंबई किंवा पुण्याच्या मुख्य कार्यालयात एक डोमेन कंट्रोलर आणि नाशिकला दुसरा अशी रचना असेल, आणि दोन्ही वेगवेगळ्या साइट म्हणून नोंदवलेल्या असतील, तर त्यांच्यातील माहितीची देवाणघेवाण मुळातील सेटिंगप्रमाणे १८० मिनिटांनी होते. मुंबईत काढलेले खाते नाशिकच्या सर्व्हरवर तोवर जिवंतच असते. अशा वेळी वारंवार प्रयत्न करत बसण्यापेक्षा नोंदीतून आपला संगणक कोणत्या कंट्रोलरशी बोलतो आहे ते पाहावे आणि त्याच कंट्रोलरवर खाते काढण्यास, किंवा देवाणघेवाण लगेच करवून घेण्यास सांगावे.

ज्यांच्याकडे संगणक वारंवार फॉरमॅट होतात, त्यांच्यासाठी कायमचा उपाय मार्च २०२३ च्या अपडेटपासून उपलब्ध आहे. डोमेन कंट्रोलरच्या ग्रुप पॉलिसीत, म्हणजे अनेक संगणकांवर एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये, संगणक खाती पुन्हा वापरू देण्याविषयीचे एक धोरण आले असून, त्यात विश्वासू खातेमालकांचा ग्रुप नमूद करता येतो. त्या ग्रुपमधील व्यक्तींच्या मालकीची खाती मग पुन्हा वापरता येतात. या ग्रुपमध्ये मोजकीच माणसे ठेवावीत. सगळ्या कर्मचाऱ्यांचा ग्रुप तेथे टाकणे म्हणजे नियमच रद्द करण्यासारखे आहे.

आधी जोडलेला संगणक डोमेनशी विश्वासाचे नाते तुटल्याचे सांगत असेल तर

येथे लोक घाईने संगणक डोमेनमधून बाहेर काढतात. तसे करण्यापूर्वी त्या संगणकाच्या स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड आपल्याजवळ आहे आणि तो चालतो आहे, हे प्रत्यक्ष लॉगिन करून पाहावे, अन्यथा बाहेर काढल्यावर त्या संगणकात शिरण्याचा रस्ताच उरत नाही. बहुतेक वेळा बाहेर काढण्याची गरजही नसते. पॉवरशेलमधील टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल ही आज्ञा रिपेअर या पर्यायासह चालवली की नाते पुन्हा जुळते.

मुख्य कार्यालयाला कळवताना

‘संगणक जोडला जात नाही, कृपया पाहावे’ एवढाच निरोप पाठवला, तर उत्तरादाखल पाच प्रश्न येतात आणि दिवस संपतो. त्याऐवजी संगणकाचे नाव, विंडोजची आवृत्ती, कोणत्या खात्याने प्रयत्न केला, किती वाजता केला, त्रुटी क्रमांक कोणता आला, नोंदीत कोणत्या डोमेन कंट्रोलरचे नाव आहे आणि तुम्हाला नेमके काय हवे आहे, हे सर्व पहिल्याच ईमेलमध्ये लिहावे. लॉग फाइलमधील शेवटच्या प्रयत्नाचा भाग सोबत जोडावा. मागणी नेमकी करावी: ‘नाशिकच्या युनिटमध्ये या नावाचे खाते तयार करून, ते जोडण्याचा अधिकार आमच्या ग्रुपला द्यावा’ असे लिहिले, तर समोरच्या साहेबांना काम दोन मिनिटांत उरकता येते. शिवाय डोमेन ॲडमिनने असे आधीच उघडून दिलेले खाते २०२२ च्या कडक नियमातही बसते.

संगणक जोडला गेला आणि रीस्टार्ट झाला की डिरेक्टरीत त्याचे खाते योग्य युनिटमध्ये आले आहे का ते पाहावे. ते मूळ ‘कॉम्प्युटर्स’ डब्यात राहिले असेल, तर तुमच्या युनिटसाठी लावलेल्या ग्रुप पॉलिसी त्यावर लागू होणार नाहीत, आणि मग प्रिंटर का दिसत नाही याचा नवा शोध सुरू होईल. त्यानंतर ज्यांचा तो संगणक आहे त्यांना स्वतःच्या युजरनेमने लॉगिन करायला सांगावे आणि त्यांचे नेहमीचे शेअर्ड फोल्डर उघडून त्यात एक फाइल सेव्ह करून दाखवायला सांगावे. फोल्डर उघडते पण फाइल सेव्ह होत नाही असे झाले, तर शेअरची परवानगी आणि फोल्डरची स्वतःची परवानगी अशा दोन्ही पाहाव्यात, कारण नेटवर्कवरून येणाऱ्याला या दोहोंपैकी जी कमी असेल तीच मिळते. त्यांना नुकतेच एखाद्या ग्रुपमध्ये घेतले असेल, तर एकदा लॉगऑफ करून पुन्हा लॉगिन करायला सांगावे. नवे सदस्यत्व त्याशिवाय लागू होत नाही.